‘पुढील आदेश होईपर्यंत’ : काम एक, पगार दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. तेव्हापासून हातात पडणारा पगार घटणार की वाढणार, भविष्य निर्वाह निधीची कपात किती होणार, मुदतबंद नोकरीवाल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी कशी मिळणार, या प्रश्नांवर भरपूर लिहिले जात आहे. ते आवश्यकच आहे. मात्र या गदारोळात एक जुना प्रश्न मागे पडला आहे. एकाच छताखाली, एकाच साहेबाच्या हाताखाली, तेच काम करणाऱ्या दोन माणसांना दोन वेगळे पगार का मिळतात, आणि त्यांतल्या कमी पगाराच्या माणसाकडेच जास्त काम का येते, हा तो प्रश्न. या बाबतीत कायदा कुठे उपयोगी पडतो आणि कुठे हात वर करतो, याविषयी थोडे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

मी एका खासगी कारखान्याच्या आस्थापना विभागात तीसेक वर्षे पगारपत्रके तयार केली. त्यामुळे माझी या विषयातली बाजू कुणाचा पगार किती, हे ठाऊक असलेल्या माणसाची आहे, आणि ते ठाऊक असूनही गप्प राहिलेल्या माणसाचीही आहे.

आमच्या पाठवणी विभागात खिडकीलगत दोन टेबले होती. एकावर कायम कारकून बसे, दुसऱ्यावर कंत्राटदारामार्फत आलेला तरुण. दोघेही चलने फाडत, गाडीचा नंबर आणि मालाचे वजन एकाच रजिस्टरात चढवत, आणि वजनात तफावत निघाली की दोघांनाही एकाच साहेबाची बोलणी खावी लागत. कायम कारकुनाचे नाव माझ्या पगारपत्रकात असे. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, सगळे रकाने भरलेले. त्या तरुणाचे नाव मात्र माझ्या कागदावर कुठेच नसे. त्याची मजुरी कंत्राटदाराच्या मासिक बिलात एक आकडा होऊन येई, आणि ते बिल हिशेब विभागात ‘सेवा खर्च’ या शीर्षाखाली, बागेची निगा आणि झेरॉक्स मशीनची देखभाल यांच्या सोबतीने मंजूर होई. कायम माणूस रजेवर गेला की त्याची चलनेही या तरुणाच्या टेबलावर येत, पण हा एक दिवस आला नाही तर बिलातून एक खाडा वजा होई. बिलावरची हजेरी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे होते. ती मी दर महिन्याला बिनचूक ताडून पाहिली.

दुसरे उदाहरण आमच्याच मजल्यावरचे. एक वरिष्ठ सहायक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. त्यांचे काम शेजारच्या टेबलावरच्या सहायक बाईंकडे देण्याचे कार्यालयीन पत्र मीच टंकलिखित केले होते. त्यात ‘सदर काम पुढील आदेश होईपर्यंत आपण आपल्या मूळ कामाव्यतिरिक्त पाहावे’ असे नेहमीच्या साच्यातले वाक्य होते. पुढील आदेश सहा वर्षे झाला नाही. या सहा वर्षांत बाईंच्या पगारपत्रकात त्या कामापोटी एक रुपयाचाही रकाना वाढला नाही. अखेर जागा भरली गेली ती एका पुरुषाने, पदनाम बदलून ‘कार्यकारी’ असे ठेवून, आणि बाईंपेक्षा बऱ्याच वरच्या पगारावर. त्याला काम शिकवण्याची जबाबदारी बाईंवरच आली. त्यांनी विचारणा केली तेव्हा ‘तुमची श्रेणी वेगळी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर ऐकून त्या परत टेबलावर येऊन बसल्या. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, असे आम्ही सारेच म्हणालो.

‘श्रेणी वेगळी आहे’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने पुरेसे नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते, कारण त्याचा निर्णय मुंबईतल्याच एका प्रकरणात लागलेला होता. मॅकिनॉन मॅकेंझी या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या स्त्री लघुलेखकांचा ‘गोपनीय महिला लघुलेखक’ असा वेगळा वर्ग होता, आणि सर्वसाधारण विभागातल्या पुरुष लघुलेखकांपेक्षा त्यांना वेतन कमी होते. वर्गच वेगळा असल्याने तुलनेचा प्रश्न येत नाही, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली तो फेटाळला. त्या कामावर केवळ स्त्रियाच असतील तर तशी नेमणूक व्यवस्थापनाने केली म्हणून त्या तिथे आहेत. त्या कामासाठी लागणारी विशेष पात्रता केवळ स्त्रियांकडे असते असे नाही, आणि पुरुषांचे काम करण्यास स्त्री असल्यामुळे त्या अपात्र ठरतात असेही नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. समान वेतन देण्याची आमची ऐपत नाही, ही सबबही न्यायालयाने मानली नाही. पदनामाची पाटी बदलून पगारातली तफावत झाकण्याची युक्ती आज सर्रास दिसते. तिला जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी मिळालेले हे उत्तर कार्यालयांतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

तो निकाल १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली लागला होता. आता तो कायदा वेतन संहिता, २०१९ मध्ये, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या चार संहितांपैकी एकीत, विलीन झाला आहे. संहितेच्या कलम ३ नुसार एकाच मालकाकडे, तेच किंवा त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये लिंगाच्या कारणावरून वेतनात भेद करता येत नाही. त्याच स्वरूपाचे काम कोणते, हे ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी पाहायच्या असतात. पदनामाचा त्यात उल्लेख नाही. शिवाय तफावत दूर करण्याच्या नावाखाली जास्त पगार असलेल्याचा पगार खाली आणण्यासही संहितेने मनाई केली आहे. ही तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण आपण तक्रार केली तर शेजाऱ्याच्या पगारावर गदा येईल आणि तो आपल्याला दुवा देणार नाही, ही भीती अनेकांचे तोंड बंद ठेवते. संहितेतील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्याही रुंद आहे. केवळ कामगारच नव्हे, तर लिपिक, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय काम करणारेही तिच्यात येतात.

मात्र हे कलम लिंगभेदापुरते आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खासगी कंपनीत एकाच कामावर दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया असतील आणि एकाला केवळ भरतीच्या वेळी घासाघीस चांगली जमली म्हणून जास्त पगार मिळत असेल, तर वेतन संहितेचे हे दार त्या दुसऱ्यासाठी उघडत नाही. ‘समान कामासाठी समान वेतन’ हे शब्द ऐकून अनेकांना वाटते की, आपल्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त मिळते एवढे दाखवले की झाले. तसे नाही, आणि तसे सांगून लोकांना वकिलाच्या दारात पाठवणे योग्य नाही.

सरकारी आणि निमसरकारी सेवेत चित्र वेगळे आहे, कारण तिथे मालक स्वतः राज्यघटनेने बांधलेला असतो. अनुच्छेद ३९(घ) मधील समान वेतनाचे तत्त्व हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यावरून थेट दावा लावता येत नाही. पण १९८२ साली रणधीर सिंग प्रकरणात, दिल्ली पोलिसांतील चालकांना इतर खात्यांतील चालकांपेक्षा कमी वेतन का, या प्रश्नाचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने ते तत्त्व समानतेचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद १४ आणि १६ शी जोडले आणि त्याला अंमलबजावणीचे बळ दिले. पुढे २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात न्या. खेहर आणि न्या. बोबडे यांच्या पीठाने हे तत्त्व हंगामी, रोजंदारी आणि कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्याला किमान त्या पदाच्या वेतनश्रेणीच्या सुरुवातीचे वेतन मिळालेच पाहिजे, असा तो निर्णय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील सरकारी अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांतील, दरमहा ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे राबवलेल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने निर्णय दिला. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हा निकाल मुळातून वाचावा. त्यांची नेमणूक तासाच्या हिशेबाने असल्याने तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही, पण त्यातला विचार त्यांच्या उपयोगाचा आहे.

जगजित सिंग निकालाची दुसरी बाजूही आहे. काम समान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर आहे, आणि केवळ पदनाम सारखे असणे पुरेसे नाही. शैक्षणिक पात्रता, ज्येष्ठता, जबाबदारीची पातळी यांत खरा फरक असेल तर वेतनातला फरक न्यायालय मान्य करते. ते रास्तच आहे. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला वार्षिक वाढीमुळे मिळणारा जास्त पगार हा भेदभाव नव्हे. समान वेतनाचा हक्क मिळणे आणि सेवेत कायम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. रीतसर भरतीशिवाय नेमलेल्याला केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे सांगणारा २००६ चा उमादेवी निकाल त्या वाटेत उभा आहे. अर्थात, वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करून घेणाऱ्या सरकारने त्या निकालाची ढाल करू नये, असे डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगार आणि माळी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे.

सर्वांत अवघड स्थिती आहे ती आमच्या पाठवणी विभागातल्या त्या तरुणाची, म्हणजे खासगी कारखान्यात कंत्राटदारामार्फत आलेल्याची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत, मूळ मालकाच्या, म्हणजे कारखान्याच्या, कामगारांसारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेवढेच वेतन द्यावे, अशी अट कंत्राटदाराच्या परवान्यातच घातलेली होती. म्हणजे कागदावर हक्क होता. आमच्या तरुणाने तो परवाना कधी पाहिला नाही, आणि मीही त्याला दाखवला नाही. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा राज्याचा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत, गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे आणि कामगारांना कायमपणाचे फायदे नाकारण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरते) किंवा हंगामी म्हणून ठेवणे, या दोन्ही गोष्टी अनुचित प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत. पण तिथे गेलेल्या कंत्राटी कामगाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तू या कंपनीचा कामगार आहेस का?’ हा. कंपनीने हे नाते नाकारले, तर ते आधी दुसरीकडे सिद्ध करून ये, असे २००१ मधील सिप्ला प्रकरणापासून न्यायालये सांगत आली आहेत. सिद्ध करायची जागा वेगळी आणि दाद मागायची जागा वेगळी. या दोहोंमधल्या हेलपाट्यांतच कामगाराची उमेद संपते. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी फट हीच आहे, आणि नव्या संहितांनीही ती नीट बुजवलेली नाही.

आता कामाच्या ओझ्याविषयी. पगाराला निदान आकडा असतो. ओझ्याला तोही नाही. ठरलेल्या तासांपलीकडे काम करून घेतले तर दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो, हे कारखान्यांना आणि दुकाने-आस्थापनांना लागू असलेले तत्त्व बहुतेकांना माहीत असते. त्यातून पळवाट काढण्यासाठी लिपिकाला ‘अधिकारी’ किंवा ‘व्यवस्थापक’ अशी झूल घातली जाते. त्या झुलीला न्यायालयात फारशी किंमत नसते, कारण तिथे प्रत्यक्षात मुख्य काम कोणते, हेच पाहिले जाते. पण खरा पेच तासांच्या आतला आहे. दोघांचे काम एकाने आठ तासांत उरकले, तर घड्याळाच्या हिशेबाने काहीच जादा झालेले नसते. कायदा वेळ मोजतो. त्या वेळेत माणसाला किती पिळले, ते मोजण्याची सोय त्यात नाही. म्हणूनच काम वेगाने करणाऱ्याकडे आणखी काम येते आणि रेंगाळणाऱ्याचे टेबल मोकळे राहते. हे ज्याने नोकरी केली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

अतिरिक्त कार्यभाराच्या बाबतीत मात्र एक उपयुक्त निकाल आहे. चंदीगड प्रशासनाच्या हरी ओम शर्मा प्रकरणात, वरच्या पदाचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या पदाचे वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले. वरच्या पदाचा लाभ मागणार नाही, असे हमीपत्र त्याने लिहून दिले होते. तसला करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याने त्याचा आधार प्रशासनाला घेता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. सरकारी कार्यालयांत ‘प्रभारी’ म्हणून वर्षे काढणाऱ्या आणि नेमणुकीच्या दिवशीच अशा हमीपत्रावर सही केलेल्या कर्मचाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. सही केली म्हणजे सगळे संपले, असे समजू नये.

दाद कुठे मागायची, याचे उत्तर आपण कोण आहोत यावर अवलंबून आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्याकडे कामगाराला एका वर्षाच्या आत तक्रार नेता येते आणि समितीने ३० दिवसांत काम संपवावे अशी अपेक्षा आहे. मात्र या संहितेत दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येबाहेर आहेत, हे आधी तपासून घ्यावे. कमी वेतन दिल्याचा किंवा लिंगभेदाचा दावा असेल तर वेतन संहितेच्या कलम ४५ खालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि अर्ज नोंदणीकृत कामगार संघटनेमार्फतही करता येतो. एकट्याने पुढे होण्याची धास्ती असलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे. थकबाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार या प्राधिकाऱ्याला आहे. देणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही इथे मालकावर आहे. आपल्या जिल्ह्यासाठी हा प्राधिकारी कोण, याची चौकशी कामगार विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी.

अनुचित प्रथेची तक्रार औद्योगिक न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत करायची असते. उशिराचे सबळ कारण दिल्यास तो माफ होऊ शकतो, पण त्या आशेवर राहू नये. तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून कामगाराशी भेदभाव करणे, तसेच बदलीच्या धोरणाचा बहाणा करून आकसाने लांब पाठवणे, हेही १९७१ च्या कायद्याच्या त्याच चौथ्या अनुसूचीत अनुचित ठरवलेले आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, आणि तिथे अंतिम आदेशापासून एका वर्षाची मुदत आहे. वेतननिश्चितीतली चूक दर महिन्याला नव्याने घडत असते, म्हणून उशिरा गेलेल्याला न्यायालय दारातूनच परत पाठवत नाही. पण थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे २००८ च्या तरसेम सिंग निकालाने ठरवून दिले आहे. आमच्या बाईंनी सहाव्या वर्षी दावा लावला असता, तर पहिली तीन वर्षे बहुधा हातची गेलीच असती. खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

या सगळ्या दारांवर पहिल्यांदा कागद मागितला जातो. पगारपत्रके करण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला इथे आग्रहाने सांगावेसे वाटते. काम तोंडी सांगितले गेले, तर त्याच संध्याकाळी साहेबांना नम्रपणे दोन ओळींचा ईमेल करावा. ‘आज आपण अमुक काम माझ्याकडे सोपवले आहे, ते मी उद्यापासून पाहत आहे’ एवढे पुरे. त्यात तक्रारीचा सूर नको आणि कायद्याचा उल्लेखही नको. हजेरीची नोंद, बँकेचे खाते-उतारे, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, कंत्राटदाराने दिलेले ओळखपत्र, गेटपास, कामाच्या वाटपाचा व्हॉट्सॲप संदेश, यांतले काहीही फेकू नये. निधीच्या पासबुकात मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हे तर कंत्राटी कामगाराने आवर्जून पाहावे. दुसऱ्याच्या टेबलावरचे गोपनीय कागद मात्र चोरून काढू नयेत. त्यामुळे समोरच्याला शिस्तभंगाची कारवाई करायला आयते निमित्त मिळते, आणि मूळ मुद्दा बाजूला राहून चोरीचीच चौकशी सुरू होते. असे एकाच्या बाबतीत झालेले मी पाहिले आहे.

अर्थात ही सगळी मेहनत ज्या एका गोष्टीवर अडते, ती म्हणजे शेजाऱ्याचा पगार. तुलना सिद्ध करायची जबाबदारी कर्मचाऱ्यावर, आणि तुलनेचा कागद मालकाच्या कपाटात. त्यातून ‘वेतन गोपनीय ठेवीन’ असे नेमणूकपत्रातच लिहून घेतलेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सरकारी कार्यालयांत मात्र हीच माहिती उघड असावी, असा कायदा आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक अधिकाऱ्याचे आणि कर्मचाऱ्याचे मासिक वेतन कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करायचे असते. त्यामुळे सरकारी कार्यालये कोसळली नाहीत आणि तिथे पगारावरून भांडणेही माजली नाहीत. खासगी क्षेत्रातही शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनुसार स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचे मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारे) वेतन वार्षिक अहवालासोबत जाहीर करावे लागते. युरोपीय संघाने २०२३ साली त्याही पुढे जाऊन, समान काम करणाऱ्या सहकाऱ्यांचे सरासरी वेतन विचारण्याचा हक्क कर्मचाऱ्याला दिला आहे. म्हणजे व्यक्तीचे नाव न फोडता तुलनेचा आकडा देता येतो, हे इतरांनी मान्य केले आहे. आपल्या लहान-मध्यम कारखान्यांत आणि कार्यालयांत मात्र हा आकडा विचारणे म्हणजे जणू साहेबांच्या घरात डोकावणे.

लहान उद्योजकांची अडचण मला समजते. मंदीच्या महिन्यात पगार वेळेवर निघावेत म्हणून मालकाने स्वतःची घेणी थांबवलेली मी पाहिली आहेत. सर्वांना एकदम वरच्या पगारावर आणणे त्यांना जड जाईल, हे खरे. परंतु आजवर या अडचणीची किंमत नेहमी एकाच टोकाच्या माणसाने मोजली आहे. आमच्या कारखान्यात तेजीची वर्षेही आली. त्या वर्षांत ‘सेवा खर्च’ हे शीर्ष कुणी उघडून पाहिल्याचे मला आठवत नाही.

म्हणून राज्य शासनाच्या कामगार विभागाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी सूचना आहे. नव्या संहितांमुळे प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक झाले आहेच. त्याला कामाचे लेखी विवरण जोडण्याची सक्ती करावी, म्हणजे मूळ काम कोणते आणि वरून आलेले कोणते, याचा वाद उरणार नाही. कंत्राटदाराच्या मासिक बिलासोबत, तेच काम करणाऱ्या कायम कामगाराच्या वेतनाचा आकडा लिहून मूळ मालकाच्या जबाबदार अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. तफावत ज्याला दिसते त्याची सही कागदावर राहिली की ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही. माझी तशी सही तीस वर्षांत एकदाही घेतली गेली नाही. आणि अतिरिक्त काम सोपवणाऱ्या प्रत्येक पत्रात त्याची अखेरची तारीख घालणे अनिवार्य करावे. ती तारीख उलटली की काम परत घ्यावे, किंवा त्याचा मोबदला वेतनचिठ्ठीत स्वतंत्र रकान्यात दाखवावा. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द मी स्वतः कित्येक पत्रांत टंकले आहेत, आणि त्यांतल्या एकाही पत्राचा पुढील आदेश टंकल्याचे मला स्मरत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
आस्थापना विभागातील एक निवृत्त लिपिक